घरचा कॉम्प्युटर विज्ञानाच्या कामाला लावताना: सीमाभागातून येणारे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यातून घरच्या कॉम्प्युटरचा रिकामा वेळ शास्त्रज्ञांच्या गणितांना देण्याबद्दल हेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर प्रश्न ६ आणि ७ आधी वाचा. प्रोग्रॅम फुकट असतो, वीज फुकट नसते. बहुतेक लोक या दोन प्रश्नांपाशीच अडतात, आणि अडायलाही हवं.

१. कॉम्प्युटर शास्त्रज्ञांना द्यायचा म्हणजे नक्की काय करायचं? उचलून द्यायचा का?

नाही, तो तुमच्या टेबलावरच राहतो. तुम्ही पत्र टाइप करता, हिशेब लिहिता, व्हिडिओ बघता तेव्हा प्रोसेसरचा थोडासाच भाग कामात असतो, बाकीचा रिकामा बसलेला असतो. एक छोटा प्रोग्रॅम टाकला की तो संशोधन संस्थेच्या सर्व्हरवरून गणिताचा एक तुकडा उतरवून घेतो, मोकळ्या वेळात सोडवतो, उत्तर परत पाठवतो आणि पुढचा तुकडा मागतो. खानापूरकडे रोप लावणीला रान पट्ट्यापट्ट्यांनी वाटून घेऊन दिवसात उरकतात, तसंच हे. अट एकच. काम असं तुकड्यांत वाटता यायला हवं, आणि एका तुकड्याला दुसऱ्याच्या उत्तरासाठी खोळंबून राहायला लागता कामा नये. अशी कामं विज्ञानात भरपूर आहेत: लाखो रेणू एकेक करून तपासणं, दुर्बिणीच्या नोंदी चाळणं, हवामानाचं तेच मॉडेल थोड्या थोड्या फरकाने हजारदा चालवणं.

२. हे एलियन शोधायचं तेच ना? कॉलेजात असताना स्क्रीनसेव्हर बघितला होता.

तेच, पण ते आता थांबलं आहे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने सेटी ॲट होम १७ मे १९९९ रोजी सुरू केलं. पोर्तो रिकोतल्या अरेसिबोच्या रेडिओ दुर्बिणीने टिपलेले संकेत जगभरच्या घरगुती कॉम्प्युटरांवर तपासले जायचे. पन्नास लाखांहून जास्त लोकांनी त्यात भाग घेतला. परग्रहावरचं कोणी सापडलं नाही, आणि ३१ मार्च २०२० पासून नवीन काम वाटणं बंद झालं. त्यामुळे आज कोणी ‘सेटी बसवून देतो’ म्हणत असेल तर विषय सोडून द्या.

त्या कामातून उभी राहिलेली व्यवस्था मात्र जोरात चालू आहे. डेव्हिड अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये बॉइंक नावाचा प्रोग्रॅम आणला. तो एकदा टाकला की वेगवेगळ्या विद्यापीठांची कामं त्यातूनच करता येतात. सेटीच्याही आधी, १९९६ पासून, गिम्प्स हा उपक्रम मोठमोठ्या मूळ संख्या शोधतो आहे, आणि तोही अजून चालू आहे.

३. कुठलं काम निवडावं?

ज्या विषयाबद्दल घरात जेवताना बोलावंसं वाटतं, तो निवडा. नाहीतर महिन्याभरात बंद कराल.

आकाशाची ओढ असेल तर आइन्स्टाइन ॲट होम. २००५ पासून चालू आहे, आणि त्यामागे जर्मनीतली मॅक्स प्लांक संस्था आणि अमेरिकेतलं विस्कॉन्सिन-मिलवॉकी विद्यापीठ आहे. लायगो या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या वेधशाळेच्या नोंदी आणि रेडिओ व गॅमा किरणांच्या दुर्बिणींच्या नोंदी चाळून त्यात फिरणारे न्यूट्रॉन तारे (संपलेल्या मोठ्या ताऱ्यांचे उरलेले घट्ट गाभे) शोधतात. आपल्या मराठी मुलखात हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ लायगोचीच भारतीय वेधशाळा व्हायची आहे, तिला केंद्राची मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये मिळाली. मुलांना समजावून सांगायला हा धागा चांगला उपयोगी पडतो.

औषध आणि आजार यांत रस असेल तर फोल्डिंग ॲट होम (हा बॉइंकमध्ये नाही, त्याचा प्रोग्रॅम वेगळा), रोझेटा ॲट होम किंवा वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड. शेवटचा उपक्रम आयबीएमने २००४ मध्ये सुरू केला आणि २०२१ मध्ये टोरांटोच्या क्रेंबिल संस्थेकडे दिला.

पाऊसपाण्यासाठी ऑक्सफर्डचं क्लायमेट प्रेडिक्शन डॉट नेट आहे, २००३ पासूनचं. पण त्याचे तुकडे लांबलचक असतात, कधीकधी कित्येक दिवस चालतात. लाईट सारखी जात असेल तर सुरुवात त्याने करू नका. सर्न या अणुकणांच्या प्रयोगशाळेच्या एलएचसी ॲट होमच्या बऱ्याच कामांना व्हर्च्युअलबॉक्स नावाचा आणखी एक प्रोग्रॅम लागतो, म्हणून नवख्यांना मी तेही सुचवत नाही.

काहीच ठरत नसेल तर सायन्स युनायटेडमध्ये नाव नोंदवा. तिथे फक्त विषय निवडायचा, उपक्रम ते लावून देतात.

४. यातून खरंच काही निघालं, की नुसतेच आकडे फिरतात?

निघालं. माझ्या आवडीचं उदाहरण २०१० चं. अरेसिबोच्या २००७ मधल्या नोंदी आइन्स्टाइन ॲट होमवर तपासताना अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या माइन्झ शहरातल्या एका माणसाच्या कॉम्प्युटरवर एक अनोळखी पल्सार, म्हणजे फिरणारा न्यूट्रॉन तारा, दिसला. सेकंदाला जवळपास ४१ वेळा स्वतःभोवती फिरणारा. संशोधनपत्रिकेत शोध छापला तेव्हा या लोकांची नावंही त्यात आली. अरेसिबोची ती दुर्बीण डिसेंबर २०२० मध्ये कोसळली, तिने टिपून ठेवलेल्या नोंदी मात्र शिल्लक आहेत.

वर्ल्ड कम्युनिटी ग्रिडवरच्या कामातून जपानच्या चिबा इथल्या संशोधकांनी २०१४ मध्ये लहान मुलांच्या न्यूरोब्लास्टोमा या कर्करोगावर उपयोगी पडू शकतील असे सात रेणू निवडून काढले. इथे नीट वाचा: ‘उपयोगी पडू शकतील’. रेणू सापडणं आणि गोळी दुकानात येणं यांत वर्षानुवर्षांचं अंतर असतं. ‘तुमच्या कॉम्प्युटरने कॅन्सर बरा होतो’ असं कोणी सांगितलं तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

कोविडच्या पहिल्या लाटेत, २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये, फोल्डिंग ॲट होमला इतके लोक जोडले गेले की त्यांची एकत्रित ताकद सेकंदाला एकावर अठरा शून्यं इतक्या गणितांच्या पुढे गेली. तेव्हा जगातल्या कुठल्याही सुपरकॉम्प्युटरने तो टप्पा गाठलेला नव्हता.

गिम्प्सचं सांगायचं तर आजवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या त्यातूनच ऑक्टोबर २०२४ मध्ये मिळाली: २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. लिहायला घेतली तर ४ कोटी १० लाखांहून जास्त अंक होतात. ती भाड्याने घेतलेल्या क्लाउड ग्राफिक्स कार्डांवर सापडली, घरच्या कॉम्प्युटरवर नाही. २०१८ मध्ये सापडलेली तिच्या आधीची मात्र एका साध्या स्वयंसेवकाच्या कॉम्प्युटरवरची होती.

५. आता एआयच सगळं करतंय म्हणे. मग आमच्या कॉम्प्युटरची गरज काय?

प्रथिनांचे आकार ओळखण्याच्या बाबतीत प्रश्न रास्त आहे. अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रॅमने २०२२ पर्यंत २० कोटींहून जास्त प्रथिनांच्या आकारांचे अंदाज खुले केले. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल अल्फाफोल्डच्या दोघांना आणि रोझेटामागच्या डेव्हिड बेकर यांना मिळून मिळालं. पण प्रथिन एका जागी गोठलेलं नसतं, ते हलतं, उघडतं, मिटतं. ती हालचाल पायरीपायरीने मोजायला अजूनही ढोर मेहनतीचं गणित लागतं, आणि फोल्डिंग ॲट होम तेच करतं. पल्सार, हवामान, मूळ संख्या यांच्या कामाला तर अल्फाफोल्डचा उपयोगच नाही.

६. रात्रभर चालू ठेवला तर लाईट बिल किती वाढतंय?

याचं एकच उत्तर नाही, पण स्वतः मोजता येतं, आणि त्याला यंत्र विकत आणावं लागत नाही.

घरातल्या डिजिटल मीटरवर एक लाल दिवा मिचकतो. शेजारी एका युनिटला तो किती वेळा मिचकतो ते छापलेलं असतं, समजा ३२००. फ्रिज, पंखे, दिवे, पंप सगळं बंद करा आणि फक्त कॉम्प्युटर चालू ठेवा. तो नुसता बसलेला असताना पाच मिनिटांत दिवा किती वेळा मिचकला ते मोजा. मग बॉइंक (प्रश्न २ मधला प्रोग्रॅम) सुरू करा, दहा मिनिटं जाऊ द्या आणि परत पाच मिनिटं मोजा. ३२०० च्या मीटरवर पाच मिनिटांतली एक मिचकी म्हणजे ३.७५ वॅट. समजा आधी १३ मोजल्या, नंतर ३२. म्हणजे नुसता बसलेला असताना साधारण ४९ वॅट आणि कामावर १२० वॅट. फरक ७१ वॅटचा. मोजताना एकाने मीटरपाशी उभं राहायचं, दुसऱ्याने घड्याळ धरायचं. एकट्याने केलं की आकडा हमखास चुकतो.

आता दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक त्यांची गल्लत करतात.

कॉम्प्युटर दिवसा तुमच्या कामासाठी आठ तास चालूच असतो आणि त्यातच बॉइंक चालतं, तर वाढ फक्त ७१ वॅटची. रोज ०.५७ युनिट, महिन्याला १७ च्या आसपास. कॉम्प्युटर रात्री एरवी बंद केला असता आणि केवळ यासाठी चालू ठेवला, तर पूर्ण १२० वॅट तुमच्या खात्यावर. तेच आठ तास, पण महिन्याला २९ युनिट. मी पहिल्या प्रकाराच्या बाजूचा आहे. रिकामा वेळ द्यावा. रिकामा वेळ मुद्दाम तयार करून देणं हा वेगळा आणि महाग शौक आहे.

युनिटला तुमच्या बिलावरच्या दराने गुणा. गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड कामाला लावलं तर एकट्या कार्डाचे दीडशे ते तीनशे वॅट जमेस धरा. ते काम प्रोसेसरपेक्षा कितीतरी पटीने उरकतं हे खरं, पण मीटरही त्याच जोमाने पळतो.

७. आमचं गृहज्योतीत बिल शून्य येतं. मग फुकटच की?

थांबा. कर्नाटकात गृहज्योती या मोफत विजेच्या योजनेत सगळ्यांना सरसकट २०० युनिट मिळत नाहीत. २०२२-२३ मधली तुमच्या मीटरची मासिक सरासरी अधिक दहा टक्के, साधारणपणे एवढी तुमची मोफत मर्यादा असते, आणि ती कमाल २०० पर्यंत. मर्यादेच्या वर पण २०० च्या आत गेलात तर वरच्या युनिटांचे पैसे भरायचे. २०० ओलांडले की त्या महिन्याचं पूर्ण बिल भरायचं.

सरासरी ६० असलेल्या घराची मर्यादा ६६. नेहमीचा वापर ६२ असेल आणि बॉइंकचे १७ वाढले तर ७९ होतात, म्हणजे १३ युनिटांचे पैसे. परवडण्यासारखं आहे. पण मर्यादा १९२ आणि नेहमीचा वापर १८८ असलेल्या घरात तेच १७ मिळवले की आकडा २०५ वर जातो, आणि शून्याचं बिल एकदम २०५ युनिटांचं होऊन दारात येतं. हेस्कॉमच्या (इथल्या वीज कंपनीच्या) ऑफिसात जाऊन भांडून काही होत नाही, मीटर बरोबरच असतो. तुमचा वापर दीडशेच्या वर असेल तर महिन्याच्या मध्यावर मीटरचं रीडिंग बघायची सवय लावा, आणि उन्हाळ्यात कूलर लागला की बॉइंक सरळ बंद ठेवा.

मर्यादेच्या आत बसत असेल तर करावं का, असंही विचारतात. मोफत युनिट कशासाठी वापरायचे यावर योजनेत बंधन नाही. पण ती वीज सरकारच्या, म्हणजे सगळ्यांच्या पैशातून येते, तेव्हा तिच्यातून केलेल्या दानाचा मोठेपणा स्वतःकडे घेऊ नये, असं माझं मत. काम करायला हरकत नाही.

भाड्याच्या घरात मीटर मालकाच्या नावावर आणि दोन-तीन बिऱ्हाडांत एक असेल, तर आधी मालकाला आणि शेजाऱ्यांना सांगा. दोनशेची रेघ सगळ्यांनी मिळून ओलांडलेली असते, बोट मात्र कॉम्प्युटरवाल्याकडेच दाखवलं जातं.

८. आमचं घर चंदगड तालुक्यात आहे. तिकडे हाच हिशेब का?

मोजायची रीत तीच (प्रश्न ६), योजना नाही. महावितरणचा दर टप्प्याटप्प्याने चढतो. १०० युनिटांपर्यंत एक दर, १०१ पासून ३०० पर्यंत दुसरा. वाढलेले युनिट वरच्या टप्प्याच्या दराने धरा.

९. छतावर सोलर बसवलंय. आता तरी फुकट?

नेट मीटर असेल तर तुम्ही न वापरलेली वीज ग्रिडवर जाते आणि तुमच्या खात्यात धरली जाते. ती कॉम्प्युटरने खाल्ली की तेवढी जमा कमी. म्हणजे फुकट नाही, पण मनाला बरं वाटणारी आहे. बॉइंकमध्ये वेळापत्रक लावता येतं, ११ ते ३ ठेवा.

१०. टाकायचं कसं? काय काय सेटिंग करायचं?

बर्कलीच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच बॉइंक उतरवा, दुसरीकडून नको (का ते प्रश्न १७ मध्ये). विंडोज, मॅक, लिनक्स आणि अँड्रॉइड सगळ्यांवर चालतं. टाकल्यावर यादीतून उपक्रम निवडायचा, ईमेल आणि पासवर्ड द्यायचा, झालं.

मग ऑप्शन्समधल्या कम्प्युटिंग प्रेफरन्सेसमध्ये जा. मी सगळ्यांना हेच सांगतो: सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, निम्म्याच कोअर (त्यातले काम करणारे भाग) वापरू द्या. ‘बॅटरीवर असताना थांब’ यावर खूण ठेवा. कॉम्प्युटर संथ वाटत असेल तर ‘वापरात असताना थांब’ यावरही ठेवा. मग माऊस-कीबोर्डला हात लागला की काम थांबतं आणि तुम्ही उठून गेल्यावर काही मिनिटांनी परत सुरू होतं. दुकानात जीएसटीचं सॉफ्टवेअर चालतं त्या मशीनवर ही दुसरी खूण हवीच. बाकीच्या चाळीस सेटिंग्जना हात लावू नका.

११. सारखा चालवून कॉम्प्युटर खराब होतो का?

प्रोसेसर सहसा होत नाही, फार तापला तर तो स्वतःच वेग कमी करतो. खराब होतात ते पंखे आणि स्वस्त पॉवर सप्लाय, आणि कारण असतं धूळ. निपाणीत तंबाखूच्या वखारीला लागून असलेल्या एका ऑफिसातल्या कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, तर प्रोसेसरच्या पंख्याखालच्या पत्र्यांत तपकिरी भुकटीचा थर इतका घट्ट बसला होता की ब्रशने हललाच नाही, चिमट्याने पापुद्रा सोलावा तसा काढावा लागला. त्या मशीनवर बॉइंक नव्हतंच, नुसत्या टायपिंगनेही पंखा ओरडत होता. बेळगावात उद्यमबागेच्या फाउंड्र्यांच्या आसपासही हीच कथा, फक्त तिथली धूळ काळी आणि वीजवाहक, म्हणजे जास्त वाईट.

तेव्हा सुरू करण्याआधी एकदा झाकण काढून ब्लोअर मारा आणि दर काही महिन्यांनी मारत राहा. तापमान दाखवणारा एखादा फुकट प्रोग्रॅम टाका. ८० अंशांच्या वर सतत राहत असेल तर कोअर आणखी कमी करा. कॅबिनेट भिंतीला चिकटवून किंवा कपाटात कोंडून ठेवू नका.

१२. लॅपटॉपवर किंवा जुन्या मोबाईलवर चालेल का?

लॅपटॉपवर चालेल, पण पाव ते निम्म्या कोअरवर, टेबलावर ठेवून. गादीवर कधीच नाही, खालची हवेची भोकं बुजतात. अँड्रॉइडवर बॉइंक फोन चार्जिंगला असताना आणि बॅटरी जवळपास भरलेली असतानाच काम करतं, आणि डेटाची देवाणघेवाण वायफायवरच करतं. ते सेटिंग तसंच राहू द्या. जुन्या फोनचं कव्हर काढा आणि बॅटरी फुगल्याची शंका आली, मागचं झाकण किंचित जरी वर आलं, तरी लगेच बंद करा. फुगलेल्या बॅटरीचा फोन रात्री उशाशी चार्जिंगला लावून विज्ञानाची सेवा कोणीही करू नये.

१३. आमच्याकडे पावसाळ्यात लाईट सारखी जाते. केलेलं काम वाया जातं का?

बहुतेक वेळा नाही. प्रोग्रॅम अधूनमधून स्वतःची जागा नोंदवून ठेवतो आणि लाईट आली की तिथून पुढे सुरू करतो, म्हणजे जातात ती काही मिनिटं. काही उपक्रमांत नोंदी लांब अंतराने होतात. जांबोटी-कणकुंबीकडे आषाढात जे चालतं त्यात असली कामं पुरी होणं कठीण. तिथे लहान तुकड्यांचा उपक्रम घ्या.

खरी अडचण इन्व्हर्टरची आहे. लॅपटॉपला आपण बॅटरीवर आहोत हे कळतं. यूएसबीने जोडलेला यूपीएस असेल तर डेस्कटॉपलाही कळू शकतं. घरच्या इन्व्हर्टरवर लाईट गेल्याचं मात्र कॉम्प्युटरला अजिबात कळत नाही. तो पूर्ण जोराने गणितं करत राहतो आणि पहाटे पंखा बंद पडल्यावर घरातल्यांना कळतं. म्हणून कॉम्प्युटर इन्व्हर्टरच्या लाईनवर नको. साध्या सॉकेटवर, छोट्या यूपीएसमार्फत लावा, म्हणजे लाईट गेल्यावर नीट बंद करायला दहा मिनिटं मिळतात.

१४. वळवाच्या विजांचं काय?

ढग गडगडायला लागले की प्लग काढायचा. स्विच बंद करून भागत नाही. राउटरचा अडॅप्टर आणि जुनी तांब्याची टेलिफोन लाईन असेल तर तीही काढा. दान उद्याही करता येईल.

१५. नेटपॅक संपेल का?

उपक्रमावर आहे. गणिताच्या उपक्रमांना फारच थोडा डेटा लागतो, आइन्स्टाइन ॲट होम आणि हवामानवाले बरेच उतरवतात. बॉइंकमध्ये ‘इतक्या दिवसांत इतक्या एमबीपेक्षा जास्त नको’ अशी मर्यादा घालता येते. मोबाईलचा हॉटस्पॉट वापरत असाल तर ती घालाच. घरी फायबर असेल तर विचारही करू नका.

१६. यातून व्हायरस येईल का? माझ्या फाइल्स, फोटो दिसतात का त्यांना?

उपक्रमाला तुमचा ईमेल, आयपी पत्ता आणि मशीनची माहिती (प्रोसेसर, मेमरी, विंडोजची आवृत्ती) कळते. कामासाठी तुमच्या फोटोंची किंवा कागदपत्रांची गरज नसते. उपक्रमाकडून येणाऱ्या प्रोग्रॅमवर डिजिटल सही असते आणि बॉइंक ती तपासूनच चालवतं. तरीही दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्रॅम तुमच्या मशीनवर चालणार आहे हे विसरू नका. बॉइंकवर उपक्रम कोणीही काढू शकतो. विद्यापीठाचं किंवा नावाजलेल्या संस्थेचं नाव नसेल तर जोडू नका.

१७. मी काहीच टाकलं नाही, तरी टास्क मॅनेजरमध्ये बॉइंक दिसतंय. हे कसं?

एक तर घरातल्या कोणीतरी टाकलं असेल, विचारून बघा. नसेल तर सावध व्हा. २०२४ मध्ये अशी प्रकरणं उघड झाली की ‘ब्राउझर अपडेट करा’ अशा खोट्या सूचनेतून शिरलेला मालवेअर गुपचूप बॉइंक टाकतो आणि रोझेटाच्या नावाशी साम्य असलेल्या बनावट सर्व्हरला जोडतो. बॉइंक अस्सल, पत्ता चोराचा. नेट तोडा, अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करा आणि त्या मशीनवरून वापरलेले बँकेचे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला.

१८. पैसे मिळतात का? हे बिटकॉइनचंच काहीतरी आहे का?

नाही आणि नाही. काम केल्याचे गुण मिळतात, बऱ्याच ठिकाणी प्रमाणपत्र छापून घेता येतं, संपलं. गुणांना बाजारभाव नाही. आयकरात देणगी म्हणून वजावटही मिळत नाही. बॉइंकच्या कामावर नाणी देणारं ग्रिडकॉइन नावाचं एक क्रिप्टो आहे, पण त्यासाठी विजेचं बिल वाढवण्यात मला शहाणपण दिसत नाही, शिवाय भारतात क्रिप्टोच्या नफ्यावर २०२२ पासून सरळ ३० टक्के कर आहे. ‘तुमचा कॉम्प्युटर भाड्याने द्या, महिन्याला इतके कमवा’ असा मेसेज आला तर त्याचा या विषयाशी काही संबंध नाही. डिलीट करा.

१९. शाळेच्या लॅबमध्ये किंवा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लावलं तर?

लेखी परवानगीशिवाय नाही. काम पुण्याचं असलं तरी मशीन आणि वीज दुसऱ्याची आहे. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या माणसाने १९९९ च्या सुमारास तिथल्या मशीनवर अशाच एका उपक्रमाचा प्रोग्रॅम टाकला. त्याच्यावर फौजदारी गुन्हा दाखल झाला आणि २००२ मध्ये दंड, समाजसेवा आणि वर्षभराची देखरेख यावर तडजोड झाली.

शाळेत करायचं तर मुख्याध्यापक आणि एसडीएमसी (शाळेची देखरेख समिती) दोघांना सांगून, शाळेच्या वेळेत, एक-दोन मशीनवर करा. मुलांना पडद्यावर काय चाललंय ते दाखवता आलं तर त्याचा खरा उपयोग.

इंजिनीअरिंगची मुलं विचारतात की व्हीटीयूचा (विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचा) प्रोजेक्ट म्हणून चालेल का. नुसतं टाकून बसलात तर गाईड हसतील. बॉइंकचा सोर्स कोड खुला आहे, कॉलेजातच छोटा सर्व्हर उभा करून स्वतःचं काम वाटून दाखवा, मग तो प्रोजेक्ट.

२०. ‘काम उपलब्ध नाही’ असं सारखं येतं.

तुमची चूक नाही. उपक्रमांकडे कधी तुकडे संपतात, कधी सर्व्हर बदलतात. वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड २०२२ मध्ये नव्या जागी हलताना काही महिने बंदच होतं. उपाय सोपा आहे. दुसरा एक उपक्रम जोडा आणि त्याचा रिसोर्स शेअर (कामाच्या वेळेतला वाटा) शून्य ठेवा. पहिल्याकडे काम नसेल तेव्हाच तो मागणी करतो.

२१. गणपतीला गावी जातोय, मशीन बंद राहणार. घेतलेल्या कामाचं काय?

प्रत्येक तुकड्याला मुदत असते. मुदत टळली की तोच तुकडा दुसऱ्या कोणाला पाठवतात आणि तुमची वीज वाया जाते. निघायच्या दोन-तीन दिवस आधी ‘नो न्यू टास्क्स’ दाबा आणि हातातलं संपू द्या. वेळच नसेल तर उरलेले तुकडे ‘अबॉर्ट’ करा. लोकांना ते करायला संकोच वाटतो, पण मुदत संपेपर्यंत अडवून ठेवण्यापेक्षा ते कितीतरी बरं. सर्व्हरला लगेच कळतं.

२२. माझ्या मशीनने चुकीचं उत्तर दिलं तर संशोधन बिघडेल का?

नाही. पुष्कळ उपक्रम तोच तुकडा दोन वेगवेगळ्या लोकांना देतात आणि उत्तरं जुळली तरच मान्य करतात. न जुळल्यास तिसऱ्याला देतात. तुमचीच उत्तरं सारखी नाकारली जात असतील तर मात्र मशीनमध्ये दोष आहे: बहुधा ताप (प्रश्न ११), खराब रॅम किंवा ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं).

२३. माळ्यावर २००८ चा कॉम्प्युटर पडून आहे. त्याला लावतो, म्हणजे सत्कारणी लागेल.

तो माळ्यावरच राहू द्या. तो नव्या मशीनइतकीच वीज खाईल आणि कामाचा छोटासा हिस्सा करेल. लिनक्स टाकून गल्लीतल्या एखाद्या मुलाला टायपिंग शिकायला दिलात तर जास्त चांगलं.

२४. सीमाभागाची एक टीम काढूया का?

काढा, बॉइंक आणि फोल्डिंग ॲट होम दोन्हीकडे टीम असतात. टीमचा उपयोग गुण एकत्र मोजण्यापुरता, विज्ञानाला त्याने फरक पडत नाही. नाव बेळगाव ठेवायचं की बेळगावी यावर ग्रुपमध्ये आठवडाभर वाद घालायचा असेल तर त्या आठवड्यात बॉइंक चालू ठेवा.

२५. घरी कॉम्प्युटरच नाही, किंवा लाईट बिलात बसत नाही. तरी काही करता येईल का?

हो, मग मशीनऐवजी डोळे द्या. झुनिव्हर्स या संकेतस्थळावर फोटो बघून ओळखायची कामं असतात. २००७ च्या गॅलेक्सी झूपासून ते वाढत गेलं, आणि त्याच वर्षी एका डच शिक्षिकेला त्यातल्या फोटोंत कोणालाच माहीत नसलेला, तापलेल्या वायूचा एक विचित्र ढग दिसला होता. मोबाईलवरून होतं, वीज नगण्य लागते. पक्ष्यांची आवड असेल तर ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदी टाका. भीमगडच्या जंगलाच्या कडेने राहणाऱ्यांना सकाळच्या अर्ध्या तासात जे दिसतं, ते बघायला लोक बेंगळुरूहून गाडी करून येतात. पक्ष्याचं नाव नक्की ठाऊक नसेल तर अंदाजाने लिहू नका, ई-बर्डवर ‘जात ओळखली नाही’ असंही नोंदवता येतं.